योगवर्गाची घडी कशी बसवावी? सोलापुरातल्या योगशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरातल्या गच्च्या, होटगी रोडच्या सोसायट्यांचे हॉल, पूर्व भागातली समाजमंदिरं, कुठे कुणाच्या घरातली पुढची खोली. शहरात योगवर्ग ठिकठिकाणी चालतात आणि शिकवणारे मनापासून शिकवतात. अडतं ते शिकवण्याच्या बाहेर. कुणाची फी आली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उद्या शिक्षक आले नाहीत तर किल्ली कुणाकडे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. नवीन वर्ग सुरू करणाऱ्या आणि जुना वर्ग सावरू पाहणाऱ्या शिक्षकांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

माझी एकच बॅच आहे, सगळ्यांना मी नावानिशी ओळखते. मग लिहून ठेवायची गरज काय?

ओळखता म्हणूनच आत्ता लिहून ठेवणं सोपं आहे. दहा-पंधरा साधकांचं सगळं लक्षात राहतं. संध्याकाळची बॅच सुरू झाली, शेजारच्या अपार्टमेंटमधून बोलावणं आलं, की आधी विसरायला होतं ते कुणाला काय त्रास आहे हे. फी विसरली तर महिनाभराने आठवते. पाठीच्या मणक्यात गादी सरकलेल्या माणसाला भरात पश्चिमोत्तानासन करायला लावलं, तर त्याचं दुखणं फार दिवस पुरतं. माझ्या मते वर्गाची सगळी व्यवस्था एका कसोटीवर तपासावी: उद्या सकाळी तुमच्या जागी दुसरी शिक्षिका उभी राहिली, तर तिला प्रत्येक साधकाबद्दल जे माहीत हवं ते दोन मिनिटांत मिळेल का?

सुरुवात कशापासून करू?

तीन वह्या आणि एक फाईल. हजेरीची वही, फीची वही, वर्गात काय घेतलं त्याची वही आणि आरोग्याच्या माहितीची फाईल. बाजारातलं साधं शाळेचं हजेरी रजिस्टर चालतं, त्यात महिन्याचे रकाने आखलेलेच असतात. पहिले काही महिने कागदावरच काढा. आपल्या वर्गाला खरोखर कोणती माहिती लागते ते कागदावर लवकर कळतं. मग हवं तर मोबाईलमध्ये न्या.

आरोग्याच्या फॉर्ममध्ये काय विचारायचं?

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. "काही आजार आहे का?" असा एकच प्रश्न विचारला तर नव्वद टक्के लोक "नाही" म्हणतात आणि मनापासून म्हणतात. बीपीची गोळी रोज घेणाऱ्या काकूंना बीपी हा आजार वाटतच नाही, "गोळी चालू आहे की, आता काही नाही" असं त्यांचं म्हणणं असतं. म्हणून प्रश्न वेगळे करून विचारा. रोज कोणत्या गोळ्या घेता? आजवर कोणतं ऑपरेशन झालं, कधी? चक्कर येते का? जमिनीवर बसून उठताना आधार लागतो का? मान, कंबर, गुडघा यांपैकी काय दुखतं? काचबिंदू आहे का? हर्निया? स्त्रियांसाठी गर्भारपण, अलीकडचं बाळंतपण आणि गर्भाशयाची शस्त्रक्रिया.

या प्रत्येक प्रश्नाचा वर्गाशी थेट संबंध आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गर्भारपण किंवा पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया असेल तर कपालभाती, भस्त्रिका घ्यायची नाही. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल अशी आसनं टाळायची, कारण डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून खोल वाकायचं नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारा साधक पहाटे रिकाम्या पोटी आला तर त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते. वर्गात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजचा डबा ठेवा आणि तो कुठे आहे हे सगळ्यांना दाखवून ठेवा.

फॉर्मच्या शेवटी घरच्या एका माणसाचा नंबर घ्या. मुलगा पुण्यात असेल तर त्याचा नंबर असू द्या, पण सोबत दहा मिनिटांत पोचेल अशा कुणाचा तरी घ्या. १०८ ची रुग्णवाहिका बोलावताना जागेचा पत्ता नीट सांगता यावा म्हणून हॉलचा पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसकट, भिंतीवर लावून ठेवा. घाबरल्यावर रोजचा पत्तासुद्धा तोंडात येत नाही.

लोक फॉर्म भरायला कंटाळतात. काही जण लपवतातही.

फॉर्म हातात देऊन "भरून आणा" म्हणालात तर तो परत येत नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटं शेजारी बसा, तुम्ही विचारा आणि तुम्हीच लिहा. सगळ्यांसमोर विचारू नका. सूनबाई आणि सासूबाई एकत्र आल्या असतील तर दोघींना वेगवेगळं विचारा. दिवस गेल्याची बातमी घरात सांगायच्या आधी मुलीला ती योगशिक्षिकेला सांगायची वेळ येऊ शकते.

सहा महिन्यांनी फॉर्म पुन्हा काढायचा आणि "काही बदल?" विचारून तारीख टाकायची. जुना फॉर्म असूनही धोका होतो तो इथेच. जानेवारीत ठणठणीत असलेल्या माणसाला ऑगस्टमध्ये स्टेंट बसलेला असतो आणि दिवाळीनंतर तो "बरा झालो, आलो परत" म्हणून येतो. मोठ्या आजारानंतर परत येणाऱ्याकडून डॉक्टरांची चिठ्ठी घेतल्याशिवाय वर्गात बसवू नका. वाईट वाटलं तरी चालेल.

फॉर्म मराठीतच ठेवू?

मराठी ठेवाच, पण आपलं गाव तीन-चार भाषांचं आहे. पूर्व भागात वर्ग असेल तर बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट-विजापूरकडच्या घरांत कन्नड. फॉर्म छापायची गरज नाही, पण आजाराचे प्रश्न त्या भाषेत विचारायला वर्गातल्याच एखाद्या अक्कांची मदत घ्या. त्यांना आधी सांगा की इथे ऐकलेलं इथेच राहिलं पाहिजे. दुखणं माणूस आपल्या भाषेत नीट सांगतो.

फी महिन्याच्या कोणत्या तारखेला घ्यावी?

सगळ्यांची एकच ठेवा: १ ते ५. जो ज्या तारखेला आला त्या तारखेपासून त्याचा महिना, असं केलंत तर तीस साधकांचे तीस महिने होतात आणि रोज कुणाकडे तरी फी मागावी लागते. कुणी १७ तारखेला आलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे हिशेबाने घ्या आणि पुढच्या एक तारखेपासून सगळ्यांच्या रांगेत आणा.

फीच्या वहीत पैसे आल्याची तारीख आणि कोणत्या महिन्याची फी, हे दोन वेगळे रकाने हवेतच. बहुतेक वाद इथे होतात. "मी तर दिली की मॅडम, पाच तारखेला!" दिलेली असते, पण ती मागच्या महिन्याची. पावतीवरही महिना लिहा. कार्बनचं पावती पुस्तक, क्रमांक छापलेलं, अजूनही फार कामाचं आहे. खाडाखोड झाली तर पावती फाडून टाकायची नाही, आडवी रेघ मारून 'रद्द' लिहायचं आणि दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या.

यूपीआयचा गोंधळ वेगळा. आईच्या वर्गाची फी मुलगा हिंजवडीतून पाठवतो, तुमच्या मोबाईलवर त्याचं नाव येतं आणि ते नाव वर्गात कुणाचंच नसतं. पैसे पाठवताना टीप म्हणून साधकाचं नाव आणि महिना लिहायला सांगा. जे लिहीत नाहीत त्यांच्या फॉर्मवर 'फी कुणाच्या नावाने येते' ते टिपून ठेवा.

"या महिन्यात दहाच दिवस आले, निम्मी फी घ्या" असं म्हणतात. काय करू?

नियम आधी लिहून लावलेला असेल तर हा संवाद गोड राहतो. मला पटलेली पद्धत अशी: फी जागेची आणि वेळेची आहे, दिवसांची नाही, म्हणून सुट्ट्यांची वजावट नाही. दोन अपवाद मात्र ठेवावेत. आजारपण किंवा घरातलं दुःख असेल तर राहिलेले दिवस पुढच्या महिन्यात धरायचे. आणि वर्ग तुमच्याकडून बंद राहिला तर तेवढे दिवस भरून द्यायचे, साधकाने मागायच्या आधी.

ज्या घरात मजुरी आठवड्याला हाती येते, तिथल्या बायकांना महिन्याची फी एकदम देणं जड जातं. त्यांच्याकडून आठवड्याला घ्या. वहीत चार चौकोन जास्त आखावे लागतात, बाकी काही त्रास नाही. परवडत नाही म्हणून कुणी वर्ग सोडू नये यासाठी एक-दोन जागा बिनफीच्या ठेवता आल्या तर ठेवा. त्याची नोंद फक्त तुमच्याकडे राहू द्या.

पैसे माझ्या घरच्याच खात्यात येतात. चालेल का?

वर्गासाठी वेगळं खातं उघडा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. किराणा, मुलांची फी आणि वर्गाची फी एकाच पासबुकात असली की मार्चमध्ये एकेक ओळ शोधत बसावं लागतं. भाडं, वीज, सफाईवाल्या मावशींचा पगार, नवीन मॅट, सगळं त्याच खात्यातून द्या आणि स्वतःसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम घरच्या खात्यात वळवा. रोखीचा रोजमेळ रात्री झोपण्याआधी लिहायचा.

शॉप ॲक्ट, उद्यम, जीएसटी यांतलं काय लागतं?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा दहाची होती). वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी. चालू खातं उघडताना बँक बहुधा हाच कागद मागते. पाटी लावणार असाल तर नाव देवनागरीत हवं आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. उद्यम, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. व्यवसाय कराची नावनोंदणीही करून घ्या. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला तो वर्षाला २,५०० रुपये आहे.

जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते. महिन्याला सरासरी १ लाख ६६ हजार. बहुतेक वर्ग त्याच्या बरेच खाली असतात, पण शिबिरं, कंपन्यांची सत्रं आणि विकलेल्या मॅट हेही उलाढालीत धरतात. योगकेंद्रांच्या सेवेवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला योगप्रसाराच्या सेवेवर सूट आहे. ती सूट तुमच्या-माझ्या खाजगी वर्गाला लागू नाही. वर्षातून एकदा वह्या घेऊन सीएकडे जा. वह्या नीट असतील तर त्यांचं काम लवकर होतं आणि तुमचे पैसेही कमी जातात.

वर्ग चालवायला सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं आहे का?

नाही. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा ऐच्छिक आहेत. पण शाळा, बँका आणि सरकारी कार्यालयं शिक्षक बोलावताना ते प्रमाणपत्र विचारतात, म्हणून योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर किंवा त्यावरची वेलनेस इन्स्ट्रक्टरच्या पातळीची परीक्षा देऊन ठेवलेली बरी. सगळ्या प्रमाणपत्रांची एक पीडीएफ मोबाईलमध्ये तयार असू द्या.

वर्षाचं वेळापत्रक कसं आखायचं?

इंग्रजी कॅलेंडर आणि पंचांग शेजारी ठेवून, डिसेंबरातच. जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीने गावातले रस्ते बंद असतात आणि अर्धा वर्ग संमती कट्ट्यावरच्या अक्षतांना गेलेला असतो. शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लावण्याचा तो सोहळा. योगवर्गाने त्या दिवशी आनंदाने सुट्टी द्यावी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, त्या दिवशी पूर्व भागात वर्ग ठेवू नका. आषाढीच्या आधी काही साधक पायी पंढरपूरला निघतात. त्यांना आठवडाभर आधीपासून पोटऱ्या, टाच आणि कंबर यांचा सराव द्या. त्याचा उपयोग झाला की परत आल्यावर ते आवर्जून सांगतात.

वेळही ऋतूप्रमाणे बदला. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या आत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि गच्चीची फरशी संध्याकाळी सातलाही तापलेली असते. उन्हाळ्यात सकाळची बॅच साडेपाचला घ्या, संध्याकाळची गच्चीवरून खाली आणा आणि सूर्यनमस्कारांची आवर्तनं कमी करून शीतली, शीत्कारी हे थंडावा देणारे प्राणायाम वाढवा. बदल पंधरा दिवस आधी सांगा आणि दरवर्षी त्याच तारखेला करा, म्हणजे घरातल्या बायकांना डब्यांचं, पाण्याचं गणित बसवता येतं.

२१ जूनच्या योग दिनासाठी मे महिन्यातच एक तक्ता करा: कुणी बोलावलं, किती वाजता, माइक कुणाचा, कोण जाणार, मानधन काय ठरलं. आयुष मंत्रालयाचा सामायिक योग अभ्यासक्रम ४५ मिनिटांचा आहे. एका सकाळी दोन ठिकाणं घ्यायची असतील तर मधल्या प्रवासाची वेळ धरूनच हो म्हणा.

मॅट आणि बाकी सामानाची निगा कशी ठेवायची?

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून धुण्याचा वार ठरवून उपयोग नाही. तुमच्या भागात पाणी येण्याचा दिवस तोच सफाईचा दिवस. मॅट सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा, आपल्या उन्हात त्या आकसतात आणि कडा वर येतात. मांडीखाली घ्यायला किंवा शवासनात गुडघ्याखाली ठेवायला सोलापुरी चादर घडी करून वापरली तर महागड्या उशांची गरज पडत नाही. चादर घट्ट विणीची असल्याने घडी सहज दबत नाही आणि ती घरी धुता येते. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर क्रमांक शिवून घ्या.

जलनेतीचं, म्हणजे पाण्याने नाक धुण्याचं, भांडं ज्याचं त्याने आणायचं आणि पाणी उकळून गार केलेलं असायला हवं. या नियमाला अपवाद नको.

व्हॉट्सॲप ग्रुप करू की नको?

एकतर्फी सूचनांसाठी करा आणि फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय चालू ठेवा. पण ग्रुपमध्ये टाकलं की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बायकांच्या वर्गात मी याला फार महत्त्व देते. नंबर कुठून कुठे जातो ते कळत नाही आणि नको ते फोन सुरू झाले की मुलगी वर्गाला येणंच बंद करते, कारणही सांगत नाही. विचारून मगच ग्रुपमध्ये घ्या. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून फॉर्म भरतानाच समोर सेव्ह करून घ्या.

थकलेल्या फीचा निरोप ग्रुपवर कधीही टाकू नये. तो एकेकट्याला, आणि शक्यतो फोनवर.

एखादं सॉफ्टवेअर घ्यावं का?

शंभरच्या पुढे साधक आणि दोन-तीन शिक्षक होईपर्यंत गुगल शीट पुरते. एक पान साधकांचं, एक फीचं, एक सामानाचं. वही मात्र बंद करू नका, पहाटे वीज किंवा नेट नसलं तरी हजेरी घ्यायचीच असते.

मी आजारी पडले किंवा गावाला गेले तर?

बदली शिक्षिका ठरवलेली हवी आणि वर्षातून काही वेळा तिने तुम्ही असतानाही वर्ग घेतलेला हवा, म्हणजे साधकांना ती परकी वाटत नाही. वर्गाच्या वहीत रोज दोन ओळी लिहा: "मंगळवार. ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन. देशपांडे काकांना भिंतीचा आधार. नव्या दोघींना भ्रामरी शिकवायची राहिली." एवढ्यावर दुसऱ्या कुणालाही पुढचा दिवस घेता येतो. आरोग्याच्या फाईलवरून एक छोटी यादी करून वहीच्या आतल्या बाजूला चिकटवा: कुणाला काय द्यायचं नाही. किल्लीची दुसरी जोडी आणि सोसायटीच्या वॉचमनचा नंबर तिच्याकडे असू द्या. मानधन दर सत्राला ठरवून लिहून ठेवा, मैत्रीण असली तरी.

साधकांचे फोटो, माहिती वापरता येते का?

फोटो टाकण्याआधी लेखी परवानगी घ्या, पाठमोरा असला तरी. वजन कमी झाल्याचे आधीचे-नंतरचे फोटो तर विचारल्याशिवाय काढूसुद्धा नका. वैयक्तिक डिजिटल माहितीसाठी २०२३ चा कायदा आहे आणि संमती हा त्याचा पाया आहे. आरोग्याचे फॉर्म कुलपात ठेवा, त्यांचे फोटो काढून मोबाईलमध्ये फिरवू नका. वर्ग सोडून गेलेल्याचा फॉर्म वर्षभराने फाडून टाका, फीचा हिशेब मात्र ठेवा.

रोज यात किती वेळ जातो?

वर्ग संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं, तीही सगळे मॅट गुंडाळत असतानाच. हजेरीत सलग तीन दिवस कोरे दिसले तर त्याच दिवशी फोन करा. "फीसाठी नाही हो काकू, तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारायला," असं पहिलं वाक्य असू द्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तासभर बसून फी, थकबाकी आणि खर्च जुळवायचा.

वर्ग बंद करायचा किंवा दुसऱ्याला सोपवायचा झाला तर?

महिनाभर आधी सांगा. आगाऊ आलेल्या फीची यादी काढून राहिलेले पैसे परत करा आणि वहीत त्यांची सही घ्या. यूपीआयने परत केले तर व्यवहाराचा क्रमांक लिहा. आरोग्याचे फॉर्म नव्या शिक्षिकेला परस्पर देऊ नका. प्रत्येक साधकाला विचारा, हो म्हणाला तर त्याच्याच हातात द्या, तो नव्या शिक्षिकेला देईल. सामानाच्या यादीवर दोघींच्या सह्या, भाड्याची अनामत कुणाच्या नावाने आहे त्याची नोंद आणि शॉप ॲक्टवर वर्ग बंद झाल्याची सूचना, एवढं झालं की किल्ली द्यायला हरकत नाही.